कापसाच्या खोलीतले भाऊ

उखा आपल्या आईला काकू म्हणायचा आणि रनाळ्यात याचं कुणालाही नवल वाटत नसे. नवख्या पाहुण्याला तेवढं वाटायचं. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावायचं, आणि पाहुणा मान डोलावून गप्प बसायचा.

तो जन्मला तेव्हा धनुबाईने चार मुलगे मातीत घातले होते. थोरला गिरधर चांगला चालता बोलता, अंगणभर धुडगूस घालणारा. त्याच्या पाठचा भिला. मानमोडीच्या साथीत दोघे एकाच आठवड्यात गेले. तिसऱ्याचं बारसं व्हायचं राहिलं आणि चौथा तर रडलाच नाही. पाचव्या खेपेला धनुबाईला दिवस गेले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं, की या घरात पोर जन्माला आलं असं कळूच द्यायचं नाही. कुणाला, ते कुणी बोललं नाही. त्याचं नाव घेत नसत.

म्हणून मग सुइणीने नाळ कापून पोर फडक्यात गुंडाळलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. गल्लीपलीकडची भुरीबाई, जिची सगळी पोरं देवाच्या दयेने धडधाकट होती, ती सहज चालली आहे अशा थाटात तिथून गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "कोना पोऱ्या टाकेल शे रे हाऊ आठे?" कुणी उत्तर द्यायचं नव्हतं, कुणी दिलंही नाही. तिने पोर सुपात घातलं, आपल्या घरी नेलं, आणि दिवेलागणीला धनुबाईच्या दारी आणून म्हणाली, "मन्हा पोऱ्या शे. दूध पाज नी सांभाळ." सांभाळायची मजुरी म्हणून तिने धनुबाईच्या पदरात मूठभर मीठ टाकलं. उकिरड्यावरचा म्हणून नाव पडलं उखा. भुरीबाईला तो माय म्हणायला शिकला आणि जिचं दूध प्याला तिला काकू.

हा व्यवहार फिटायचा दिवसही ठरलेला होता. उखाच्या हळदीला भुरीबाई रिकामं सूप घेऊन येणार, धनुबाई ते मीठ तिच्या सुपात परत घालणार आणि साऱ्या मांडवादेखत म्हणणार, "हाऊ मन्हा आंडोर शे." हळद लागलेल्या बाप्या माणसाला मग कसली भीती नाही. ते मीठ धनुबाईने एका बुडकुलीत घालून, तोंडाला फडकं बांधून देवळीत ठेवलं होतं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, उन्हाळ्यात त्याचा खडा व्हायचा. देवळी सारवताना ती बुडकुली उचलून छातीशी धरायची, क्षणभरच, आणि परत ठेवायची. माझा मुलगा हे दोन शब्द तिने इतकी वर्षं जिभेखाली दाबून धरले होते. दुसऱ्या बायका विहिरीवर आपापल्या पोरांना उठता बसता शिव्या घालायच्या, मन्हा मेला असा नि मन्हा मेला तसा, तेव्हा तिला त्यांचा इतका राग यायचा की घागर अर्धी भरून ती घरी यायची.

आता या सगळ्यात इंग्रजी कुठून शिरली ते सांगतो.

भाईदास, म्हणजे धनुबाईचे यजमान, बोलायला कंजूष पण पोराच्या शिक्षणाला सढळ होते. उखा नंदुरबारला नातेवाइकांकडे राहून इंग्रजी शाळेत जाई. दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं. मॅट्रिक झालेल्या पोराला कचेरीत खुर्ची मिळायची ते दिवस. बाकी विषयांत गाडी बरी चालली, इंग्रजीत मात्र त्याने सपशेल मार खाल्ला. मास्तर पुण्याकडचे, हुशार, तापट आणि आपल्या पद्धतीवर बेहद्द खूश. त्यांनी उखाला सुटीपुरता मंत्र दिला, की व्याकरणाचे नियम घोकायचे नाहीत, आपल्या घरातल्या माणसांवर वाक्यं करायची आणि ती मोठ्याने, न लाजता, रोज म्हणायची. मास्तरांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? रनाळ्याच्या घराघरांत काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

उन्हाळा असा की दुपारी कुत्रंसुद्धा गल्लीत दिसायचं नाही. सगळा गाव दारं लोटून पडलेला. भाईदास मळ्यातल्या निंबाखाली. ओसरीला लागून असलेल्या खोलीत कापूस भरलेला होता, भाव चढेल या आशेने ठेवलेला, अगदी आढ्यापर्यंत. उखा त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा, कारण कापसाच्या आडोशाने तिथे गारवा असे. धनुबाई समोर डाळ निवडत होती. आणि तो डोळे मिटून, हाताने ताल धरून म्हणायला लागला,

"ऑल माय ब्रदर्स आर फार्मर्स. ऑल माय ब्रदर्स आर फार्मर्स."

"काय म्हनी ऱ्हायना रे तू?" धनुबाईने विचारलं.

"अभ्यास करी ऱ्हायनू, काकू."

"पन त्याना अर्थ काय?"

"मन्हा बठा भाऊ शेतकरी शेत," उखा म्हणाला आणि हसला. बठा म्हणजे सगळे, शेत म्हणजे आहेत.

धनुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. या घरात भाऊ हा शब्द कुणी काढला नव्हता आणि त्यात हा म्हणतो माझे, वर म्हणतो सगळे. ती उठून त्याच्या तोंडावर हातच ठेवणार होती.

"तुले कोठे भाऊ शेत? नको म्हनू असं."

"मास्तरनी सांगेल शे, घरना मानसंवर वाक्य कर. मंग मी कोनावर करू? नी हाई इंग्रजीमा शे काकू, आठे कोनले समजस?"

हे मात्र तिला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला तिला आवडलं. जे काही या घराच्या भिंतींना कान लावून बसलं असेल, ते आपल्याच मुलखातलं असणार. ते साहेबाची भाषा कशाला शिकायला जातंय? तिने सूप पुन्हा हातात घेतलं. उखा मास्तरांची नक्कल करत तिला नियमही सांगू लागला. सगळ्यांना मिळून बोलायचं असेल तर ऑल आणि माय सरळ शेजारी बसतात, त्यांना काही लागत नाही. पण त्यातले काही वेगळे काढायचे असतील तर मध्ये ऑफ ठेवावाच लागतो. सम ऑफ माय ब्रदर्स. आणि एकही नाही म्हणायचं असेल तर नन ऑफ माय ब्रदर्स.

"मधमा काहीतरी ठेवनाच पडस का?" धनुबाईने विचारलं.

"ठेवनाच पडस. नहीं तं मास्तर छडी मारतस."

तिला भुरीबाई आठवली, तिचं सूप आठवलं. आपण पण मध्ये ठेवलंच आहे की, असं तिच्या मनात आलं आणि तिला जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापसाच्या खोलीत टोपली घ्यायला गेली तर ढिगाच्या पायथ्याशी खळगे पडलेले. कापसाच्या मुलखात वाढलेल्या कुणालाही ते खळगे ओळखू येतात. पोरं ढिगावर उड्या मारतात, लोळतात, दमून तिथेच निजतात, आणि उठून गेली तरी कापूस त्यांची जागा धरून ठेवतो. असे चार होते. एक जरा मोठा, त्याला लागून दुसरा, आणि पलीकडे दोन इतके लहान की तिचा तळहात त्यात पुरून उरला असता. खोलीला बाहेरून कडी होती.

भाईदासांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "मांजर व्हई." मांजर एवढ्या ऐसपैस निजतं का, हे त्यांनी विचारात घेतलं नाही. त्यांनी खळगे पायाने सारखे केले आणि मळ्यात निघून गेले.

दुपारी उखाने पाठ सुरू केला तेव्हा धनुबाई पाठमोरी बसून कांदे चिरत होती. ऑल माय ब्रदर्स. तिच्या पदराला ओढ लागली. अडकला असेल म्हणून तिने मागे हात नेला, तर पदराचं टोक ओलं. ओलं आणि चावलेलं. गिरधरला ही खोड होती. तो तिच्या मागे मागे फिरायचा आणि फिरता फिरता पदराचं टोक तोंडात घालून चघळत राहायचा. त्यासाठी तिने त्याला रपाटेही घातले होते आणि त्या रपाट्यांचं तिला आजवर वाईट वाटत होतं.

तुम्ही म्हणाल ती घाबरली. नाही, ती घाबरली नाही. ती तिथेच बसली, विळीवर हात तसाच, आणि तिच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते कांद्याचं नव्हतं. इतका आनंद तिला उखाच्या जन्मालाही करता आला नव्हता, कारण तेव्हा आनंद करायची बंदी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर जाईल, असं तिला वाटलं.

"उखा," ती म्हणाली, "म्हन ना रे ते. ते बठासनं."

"अभ्यास आवडना का काय तुले?" उखा म्हणाला आणि पुन्हा म्हणाला. पदर पुन्हा ओढला गेला.

तेव्हापासून धनुबाईच त्याला पाठाला बसवू लागली. पोरगं कंटाळलं, विहिरीवर पोहायला जातो म्हणालं, तरी ती गुळाचा खडा देऊन बसवायची. भाकरी जास्तीच्या भाजायची आणि झाकून कापसाच्या खोलीत ठेवायची. संध्याकाळी कडा कुरतडलेल्या असायच्या, लहान दातांनी. तिने उंदरांचं नावही मनात येऊ दिलं नाही. भिंतीवर, रांजणाच्या खालच्या अंगाला, ओल्या हातांचे ठसे उठायचे आणि वाळायचे. कधी दुपारी ढिगाच्या आतून दाबलेलं हसू ऐकू यायचं, लपंडाव खेळणाऱ्याला आवरत नाही तसं. आपली चारही आली, घरी आली, आणि आपल्याला सोडून कुणाला याची खबर नाही, या सुखात ती बुडून गेली होती. त्यांना माझी म्हणायला तिला कुणी मना केलं नव्हतं. जे गेलेत त्यांना माझे म्हटलं तर आणखी काय व्हायचं राहिलंय, असं तिला वाटायचं. उखाकडे तिचं लक्ष कमी झालं होतं हे मात्र खरं आहे, आणि ते नंतर तिच्या फार जिव्हारी लागलं.

मध्येच एकदा नंदुरबारचे इंदरमल शेठ कापूस पाहायला आले. बैठकीचा, गोड बोलणारा मारवाडी माणूस. व्यवहार होवो न होवो, चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही. त्यांनी रिवाजाप्रमाणे बाही वर सारून ढिगात खांद्यापर्यंत हात घातला, आतला माल पाहायला. घातला आणि झटक्यात काढला. तळहाताकडे बघत राहिले. त्यांचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं.

"माल दमट आहे का शेठ?" भाईदासांनी विचारलं.

"माल चांगला है," शेठ म्हणाले. "नंतर येतो." चहा चुलीवर होता, तो तसाच राहिला. टांगा जाताना धनुबाईने पाहिलं, शेठ उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होते, जशी कुणी धरून ठेवलेली सोडवून घेतली असावीत.

त्या दिवशी तिने खोलीत जाऊन नीट पाहिलं. खळगे आता पाच होते. पाचवा लांब होता, पुऱ्या वाढलेल्या माणसाएवढा, आणि अजून उथळ. त्याच्यात कुणी अजून नीट निजलेलं नव्हतं.

तेव्हा कुठे तिने उखाकडे डोळे उघडून पाहिलं. त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. तो जेवायला बसायचा पण भाकरी मोडून चार तुकडे बाजूला ठेवायचा आणि मग आपण उठून जायचा. ऊन इतकं, तरी त्याचे हात रांजणातल्या पाण्यासारखे गार. आणि आता तो वाक्यं न सांगता म्हणायचा, पुस्तक मिटलेलं असताना, ओठ हलवत, खोलीकडे तोंड करून. तिने त्याला हलवून जेवायला हाक मारली तेव्हा त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला, "येस ना माय. बठा भाऊ येतस."

माय. त्याच्या तोंडून तिला उद्देशून निघालेला पहिला माय. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो हाच शब्द. ती तशीच, पायात काही न घालता, तापलेल्या गल्लीतून भुरीबाईकडे धावली.

भुरीबाई बाजेवर पंखा घेऊन पडली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही.

"तू त्याले मन्हा म्हनं का?" तिने शेवटी विचारलं.

"नहीं वं. तुन्ही आन. त्यानीच त्यासले भाऊ म्हनं, नी मी म्हनू दिधं."

"नी तू त्यासले मन्हा म्हनं."

धनुबाईने पदराचं चावलेलं टोक मुठीत घेतलं.

"ते तुन्हा, नी हाऊ त्यासना भाऊ," भुरीबाई पंखा खाली ठेवत म्हणाली. "मंग आते हाऊ कोना व्हयना, सांग. मी एवढा वरीस मधमा उभी ऱ्हायनू, ते पुसाई गयं. आते बठा तुन्हा, नहीं तं एक बी तुन्हा नही."

"चारी मी लेसु नी हाऊ तुले देसु," धनुबाई रडत म्हणाली. "चारी मन्हा ऱ्हाऊ दे. ते काय मांगतस? पदर मांगतस."

"त्यासले भाऊ बी पाहिजे ना," भुरीबाई म्हणाली, आणि तीही पदराने डोळे पुसायला लागली. "मी बी माय शे, माले समजत नही का? पन एक बी म्हनशी तं बठा येतीन. नी आजना पुरतं नही. मीठ बी गयं मंग, धनुबाई. हळदले बी तोंड उघडता येवाव नही."

ती परत आली तेव्हा ओसरी रिकामी होती. कापसाच्या खोलीचं दार उघडं होतं. उखा त्या पाचव्या खळग्यात निजला होता, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि खळगा आता उथळ राहिला नव्हता. दोन्ही अंगांनी कापूस त्याच्यावर येत होता. त्याची छाती हलते आहे की नाही हे तिला दारातून कळेना. बाकीचे चार खळगे त्याच्या भोवती होते आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांतला कापूस हळूहळू दबत होता, आत कुणीतरी वळून तिच्याकडे पाहावं तसा.

पदराला ओढ लागली. अगदी हलकी, ओळखीची. मग दुसऱ्या बाजूने एक. मग पायाशी, लुगड्याच्या काठाला, तान्ह्याच्या मुठीची. चौथ्याने काही धरलं नाही, त्याला धरायला कधी येतच नव्हतं. त्याचा फक्त गार श्वास तिच्या छातीशी लागला, जिथे त्याला एकदाही घेता आलं नव्हतं.

मेलेल्याला दुसऱ्यांदा मातीत घालायचं म्हणजे काय, हे ज्याने घातलंय त्यालाच कळेल. धनुबाईचे हात आपोआप खाली गेले होते, त्यांच्या डोक्यांवर ठेवायला. ते तिने मागे घेतले आणि पाठीशी बांधले.

"तुमी मन्हा नहीत," ती म्हणाली. मग एकेकाला वेगळं काढून म्हणाली. "गिरधर मन्हा नही. भिला मन्हा नही. धाकला मन्हा नहीत. नी हाऊ, हाऊ कापूसमा पडेल शे, हाऊ बी मन्हा नही. एक बी मन्हा आंडोर नही. जे शेत ते जेनं तेनं घर जा."

पदर सुटला नाही. उलट ओढ वाढली, भेदरलेलं पोर गर्दीत ओढतं तशी. मग तिच्या लक्षात आलं, की यांना घरात बोलावलं ते कुठल्या बोलीने. उखाने तिला भावांचं वाक्य शिकवलं होतं आणि मुलाला सन म्हणतात हेही एकदा हसत हसत सांगितलं होतं. ती साहेबाची अक्षरं तिच्या तोंडात कधी नीट बसली नव्हती. तरी तिने ती एकेक करून बाहेर काढली, खोलीकडे तोंड करून, मोठ्याने, मास्तरांनी सांगितलं होतं तशी, न लाजता.

"नन ऑफ माय सन. नन ऑफ माय. नन."

खोलीत रडण्याचा आवाज झाला असं ती म्हणू शकली नसती. काहीच झालं नाही. फक्त पदर तिच्या खांद्यावरून सरळ खाली लोंबला, कापूस एका दमात फुगून वर आला, आणि खळगे भरून गेले. उखाच्या जागी तेवढा राहिला. त्याने धापा टाकत डोळे उघडले, तोंडातला कापूस थुंकला, आणि खुळ्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"काकू," तो म्हणाला, "पानी दे."

ती पाणी आणायला गेली.

भाईदासांनी त्याच आठवड्यात पडेल त्या भावाने कापूस काढून टाकला, दुसऱ्या व्यापाऱ्याला. धनुबाईने हट्टच धरला तसा. खोली सारवली, तिच्यात ज्वारी भरली. सुटीनंतर उखा इंग्रजीत कसाबसा पास झाला आणि नवापूरला जंगलखात्याच्या कचेरीत कारकून लागला. त्याला त्या उन्हाळ्याचं फारसं आठवत नसे. ताप आला होता, एवढंच. आणि मास्तरांच्या पद्धतीचे तो गुण गायचा, की घरातल्या माणसांवर वाक्यं केली म्हणून डोक्यात बसली. बुडकुली देवळीतच होती. धनुबाई सारवताना ती आता उचलत नसे, भोवतीने सारवायची.

दोन मुलगे नि तीन मुली असलेल्या चांगल्या घरातली पोर सांगून आली आणि उखाचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, वाजंत्री, बायकांची ही गर्दी. हळद सकाळचीच होती, ऊन अजून कोवळं. उखा पाटावर बसला होता, पिवळाधमक, आणि राहून राहून मान उंचावून बायकांत कुणाला तरी शोधत होता. लहानपणापासून ही गोष्ट त्याने ऐकली होती. आज काकू आपल्याला मुलगा म्हणणार आणि आपण तिला माय म्हणणार. नवापूरहून येताना त्याने तिच्यासाठी लुगडं आणलं होतं, ते त्याने मुद्दाम पाटाखाली दडवलं होतं.

भुरीबाई आता थकली होती. ती सूप घेऊन उभी राहिली आणि वाजंत्री थांबली. तिने धनुबाईकडे पाहिलं. रीत होती, म्हणून तिला विचारावंच लागणार होतं, पण तिची मान विचारण्याआधीच नको म्हणून हलली.

"धनुबाई," ती म्हणाली, "मीठ दे नी पोऱ्या ली जाय."

धनुबाई हातात बुडकुली घेऊन पुढे आली होती. न येऊन चाललं नसतं. तिने उखाकडे पाहिलं. एवढा मोठा घोडा, पण लहान पोराने आंब्याकडे बघावं तसा तो तिच्या तोंडाकडे बघत होता. एकदाच म्हणावं, एकदा म्हटल्याने काय होणार आहे, इतकी वर्षं झाली, तो आता बाप्या माणूस आहे, असं तिच्या मनात भरून आलं आणि फडक्याची गाठ तिने सोडलीसुद्धा. ओठ उघडले.

मागून, गर्दीत, तिच्या पदराला ओढ लागली. टोक ओलं झालं.

तिने गाठ पुन्हा मारली. बुडकुली भुरीबाईच्या सुपात न ठेवता खाली मांडवाच्या मातीत ठेवली.

"पोऱ्या तुन्हा शे, भुरीबाई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माले कसाले इचारतस? मन्हा एक बी नही."

मांडवात कुजबूज उठली. कुणी म्हणालं म्हातारपणी डोकं फिरलं, कुणी म्हणालं पोऱ्या नोकरीवर गेला, लक्ष दिलं नसेल, म्हणून राग धरला. भाईदास खांबाला टेकून उभे होते, ते खाली बसले. भुरीबाईने सूप बाजूला ठेवलं, उखाच्या कपाळाला आईची म्हणून पहिली हळद लावली, आणि वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

मग तो पाया पडायला आला. रीतीप्रमाणे आधी आईच्या, म्हणजे भुरीबाईच्या, मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, मग शेजारपाजारच्या. शेजारणींत धनुबाई उभी होती. त्याचे डोळे लाल झाले होते. ते लुगडं त्याच्या काखेत नव्हतं. ते त्याने भुरीबाईला देऊन टाकलं होतं. तो वाकला. त्याच्या हातांची हळद तिच्या पावलांना लागली, आणि त्या हातांची ऊब तिला जाणवली. ते गार नव्हते.

मागचा पदर सैल पडला होता.

"सुखी ऱ्हाय बाबा," धनुबाई म्हणाली, कुणाही शेजारणीने म्हणावं तशी. "तुन्ही मायले जप."